आधी वितळणारी चांदी

सिंगापूरला नोकरीसाठी जाणाऱ्या मराठी कुटुंबाच्या सामानात प्लगचे अ‍ॅडॉप्टर असतातच. तिथला वीजदाब आपल्यासारखाच, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झ. घरून नेलेला मिक्सर तिथे विनातक्रार चालतो. अडतं ते पिनांपाशी, कारण आपल्या पिना गोल आणि तिथल्या चपट्या, जाडजूड. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, हा चपट्या पिनांचा प्लग ठरवला आणि पुढे सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग यांनी तो घेतला. भारत त्याआधीच्या गोल पिनांवरच राहिला. पण या दोन प्लगांमधला महत्त्वाचा फरक पिनांच्या आकाराचा नाही. सिंगापूरच्या प्लगचं झाकण उघडलं की आत इंचभर लांबीची चिनीमातीची नळी दिसते, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या घातलेली. तो फ्यूज. तिथे प्रत्येक उपकरण स्वतःचा फ्यूज प्लगमध्येच घेऊन येतं, ३ अँपिअरचा किंवा १३ अँपिअरचा.

यामागे हिशेब होता. युद्धानंतर तांब्याची चणचण होती, म्हणून घरभर एकाच जाड तारेचं वलय फिरवायचं आणि त्यावर सगळे सॉकेट जोडायचे असं ठरलं. त्या वलयाच्या मुळाशी ३० अँपिअरचं संरक्षण असे. आता टेबलावरच्या दिव्याची बारीक वायर शॉर्ट झाली तर मुळाशी बसलेल्या त्या ३० अँपिअरवाल्याला जाग येईपर्यंत वायर पेटलेली असायची. म्हणून बारीक वायरीसाठी वेगळा, नाजूक पहारेकरी तिच्या तोंडाशीच बसवला. संरक्षणाच्या शास्त्रातलं पहिलं सूत्र या इंचभर नळीत आहे: दोषाच्या सगळ्यात जवळ जो असेल त्याने आधी तुटायचं आणि बाकीच्यांनी उभं राहायचं.

याच घडणीचा एक फ्यूज ४४२ मिलिमीटर लांब असतो. चिनीमातीची नळी, दोन्ही टोकांना ४५ मिलिमीटर व्यासाच्या टोप्या, आत चांदी आणि वाळू. तो २२,००० व्होल्टच्या मंडलात बसतो. हे प्रकरण त्याच्याबद्दल आहे.

मूळ कल्पना साधी आणि जुनी आहे. टेलिग्राफच्या तारांवर वीज पडली की यंत्रं जळत. त्यावर उपाय म्हणून फ्रान्सच्या लुई ब्रेगे यांनी १८४७ साली सुचवलं की यंत्राच्या आधी तारेचा थोडा भाग मुद्दाम बारीक ठेवावा, म्हणजे तोच आधी जळेल. थॉमस एडिसन यांनी १८८० साली दिव्यांच्या मंडलासाठी अशाच सुरक्षा-तारेचं पेटंट घेतलं. त्याच दशकात विल्यम प्रीस यांनी निरनिराळ्या जाडीच्या तारा वितळवून नियम मांडला: तार वितळवायला लागणारा प्रवाह तिच्या व्यासाच्या दीड घाताने वाढतो. म्हणजे व्यास दुप्पट केला की तार दुप्पट नव्हे, जवळजवळ पावणेतीन पट प्रवाह सहन करते. शेतावरच्या डीपीत फ्यूज उडाला म्हणून ठरलेल्या तारेऐवजी अ‍ॅल्युमिनिअमच्या तारेचे दोन-तीन पदर पिळून घालण्याची सवय आपल्याकडे गावोगाव आहे. त्या हाताला प्रीसचा नियम माहीत नसतो, पण परिणाम त्याच नियमाने होतो. पुढच्या वेळी तार शाबूत राहते आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. मग ऐन रब्बीत गाव दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरची वाट पाहत बसतं.

स्वयंपाकघरातला कुकर या फ्यूजचा सख्खा भाऊ आहे. त्याच्या झाकणावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये लवकर वितळणारा मिश्रधातू भरलेला असतो. आतलं पाणी संपलं आणि शिट्टी अडकली की तोच आधी वितळतो आणि वाफेला वाट देतो. कुकरच्या बाबतीत गोष्ट तिथे संपते. विजेच्या बाबतीत, आणि उच्चदाबाच्या विजेत तर नक्कीच, खरी अडचण धातू वितळल्यानंतर सुरू होते.

तार वितळली, मध्ये फट पडली, तरी प्रवाह थांबत नाही. फटीतली हवा आणि धातूची वाफ हजारो अंशांपर्यंत तापते, त्यातल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटून ते विद्युतभारित होतात आणि ती वाफच तारेसारखी वीज वाहू लागते. याला आर्क म्हणतात. २३० व्होल्टला काही मिलिमीटरच्या फटीत हा आर्क बहुतेक वेळा विझून जातो. २२,००० व्होल्टला तो हातभर लांबीच्या फटीतही खुशाल जळत राहतो, आणि तेवढ्या वेळात आजूबाजूचं तांबं, पोलाद, तेल सगळं वितळवतो किंवा पेटवतो. म्हणून उच्चदाबाच्या फ्यूजचं कसब तुटण्यात कमी आणि तुटल्यावर आर्क मारण्यात जास्त आहे. तो मारायच्या दोन रीती प्रचलित आहेत. महाराष्ट्रातल्या खेड्यात दिसते ती एक, सिंगापूरमध्ये शोभते ती दुसरी.

पहिली रीत आपण रोज पाहतो. ११ केव्हीच्या, म्हणजे ११,००० व्होल्टच्या खांबावर, ट्रान्सफॉर्मरच्या वर, तिरक्या लावलेल्या तीन नळ्या असतात. वायरमन त्यांना डीओ म्हणतो, ड्रॉप आउट फ्यूज. नळीच्या आतल्या अस्तरातून आर्कच्या उष्णतेने एकदम वायू सुटतो आणि तो वायू आर्कला नळीच्या तोंडातून बाहेर फेकतो. प्रत्यावर्ती विजेत प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. त्या एका शून्याला आर्क क्षणभर विझलेला असताना वायू फटीत घुसून बसतो आणि तो पुन्हा पेटू शकत नाही. बंदुकीसारखा आवाज होतो, नळी वरच्या पकडीतून सुटून खाली लोंबकळते. दुरूनच कळतं की डीओ पडला, कुठल्या फेजचा पडला. मग वायरमन रॉड घेऊन येतो, नवी तार भरतो आणि नळी परत वर चढवतो. स्वस्त, उघडा, दिसणारा, खेड्याला परवडणारा असा हा बंदोबस्त आहे. मला त्याबद्दल फार आदर वाटतो. लाखो ट्रान्सफॉर्मर त्याने वाचवले आहेत.

पण त्याला मोकळं आकाश लागतं. त्याच्या तोंडातून तापलेला वायू आणि वितळलेल्या धातूचे थेंब बाहेर पडतात. आता सिंगापूर डोळ्यांसमोर आणा. तिथे रस्त्याकडेला खांबांवरून गेलेली उच्चदाबाची वाहिनी दिसत नाही. सगळं जाळं जमिनीखाली आहे, आणि अगदी वरच्या दाबाच्या काही केबल तर सुमारे ६० मीटर खोल बोगद्यांतून जातात. वर्षातले दीडशेहून अधिक दिवस जिथे विजा कडाडतात त्या बेटावर उघड्या तारा न ठेवण्यात शहाणपण आहे, आणि इंच इंच जमीन मोजून वापरणाऱ्या शहराला ते सोयीचंही आहे. परिणाम असा की सिंगापूरची उपकेंद्रं इमारतींच्या तळमजल्यावर, बंद खोल्यांत, माणसांच्या वस्तीला खेटून आहेत. बाजूच्या मोकळ्या जागेत मुलं खेळत असतात, आजी-आजोबा बाकावर बसलेले असतात. भिंतीपलीकडे २२ केव्ही आहे. अशा ठिकाणी आग ओकणारा फ्यूज चालणार नाही. तिथे तुटायचं ते आतल्या आत, ठिणगीही बाहेर न पडता.

त्यासाठी दुसरी रीत, वाळूची. इंग्लंडमध्ये विल्यम मॉर्डे यांनी १८९० साली भुकटी भरलेल्या बंद नळीतल्या फ्यूजचं पेटंट घेतलं होतं. आजच्या उच्चदाब फ्यूजचा तो पूर्वज. नळीच्या आत मध्यभागी चांदणीच्या आकाराचा चिनीमातीचा दांडा असतो. त्यावर शुद्ध चांदीच्या बारीक पट्ट्या मळसूत्रासारख्या गुंडाळलेल्या असतात. म्हणजे नळी अर्ध्या मीटरहून लहान असली तरी पट्टी त्याहून कितीतरी लांब मावते. पट्टीवर ठरावीक अंतराने खाचा पाडलेल्या असतात. उरलेल्या सगळ्या पोकळीत क्वार्ट्‌झची स्वच्छ, कोरडी वाळू ठासून भरलेली असते. कारखान्यात ही वाळू थरथरवून बसवतात. ती सैल राहिली किंवा ओलसर राहिली तर तो फ्यूज फ्यूज राहत नाही, बॉम्ब होतो.

शॉर्ट सर्किट झालं की खाचांच्या जागी, जिथे चांदी सगळ्यात अरुंद आहे, तिथे ती ९६२ अंश सेल्सिअसला एकाच वेळी वितळते. एका मोठ्या आर्कऐवजी रांगेने कितीतरी छोटे आर्क तयार होतात. प्रत्येक आर्क स्वतःला जगवण्यासाठी काही व्होल्ट खातो. सगळ्यांची बेरीज इतकी होते की ती पुरवठ्याच्या दाबावरही मात करते, आणि मग प्रवाहाला वाढायला जागाच उरत नाही, तो मागे ढकलला जातो. दुसरीकडे वाळू आर्कची उष्णता शोषून स्वतः वितळते आणि चांदीच्या वाफेला कणाकणांत सामावून घेते. थंड झाल्यावर तिथे काचेसारखी खडबडीत नळी उरते. वाळवंटात वीज पडल्यावर वाळूत अशाच काचेच्या नळ्या सापडतात, त्यांना फल्गुराइट म्हणतात. उडालेल्या फ्यूजच्या पोटातही तेच असतं.

हा सगळा प्रकार किती वेळात होतो ते पाहिलं म्हणजे या नळीची किंमत कळते. सिंगापूरचं २२ केव्हीचं जाळं २५,००० अँपिअरपर्यंतच्या शॉर्ट सर्किटचा विचार करून बांधलेलं आहे. पहिल्या झटक्यात हा प्रवाह त्याच्या अडीचपट शिखर गाठू शकतो, म्हणजे ६२-६३ हजार अँपिअर. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन वाहक पट्ट्यांमधून एवढा प्रवाह गेला की त्या एकमेकींना ज्या बळाने ढकलतात ते प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. सर्किट ब्रेकरला दोष ओळखून, यंत्रणा हलवून प्रवाह तोडायला साधारण ६० ते १०० मिलिसेकंद लागतात. तोवर ते शिखर येऊन गेलेलं असतं, सगळ्यांनी ते अंगावर झेललेलं असतं. वाळूचा फ्यूज पहिल्या पाच-दहा मिलिसेकंदांतच काम आटोपतो. प्रवाह शिखराला पोचतच नाही. समजा, त्याने ६३ हजारांऐवजी सात हजारांवरच त्याला अडवलं, तर प्रवाह नऊ पटींनी कमी झाला आणि बळ ८१ पटींनी. बंद खोलीतल्या तेल भरलेल्या ट्रान्सफॉर्मरसाठी हा फरक टाकी फुटणं आणि न फुटणं यांतला असू शकतो.

आता याची दुखरी बाजू. एक मेगाव्होल्ट-अँपिअरचा, म्हणजे मध्यम आकाराच्या इमारतींच्या समूहाला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर घ्या. २२ केव्हीच्या बाजूला त्याचा पूर्ण भाराचा प्रवाह अवघा २६ अँपिअर असतो. पण त्याला ३० अँपिअरचा फ्यूज लावत नाहीत, ५० किंवा ६३ चा लावतात. ट्रान्सफॉर्मर चालू करताना सेकंदाच्या पहिल्या दहाव्या भागात तो आठ-दहा-बारा पट प्रवाह ओढतो, त्याने फ्यूज उडता कामा नये. शिवाय या प्रकारचा फ्यूज मोठ्या प्रवाहाचा पैलवान असला तरी थोड्या जास्त प्रवाहापुढे दुबळा असतो. रेटिंगच्या दुप्पट प्रवाह बराच वेळ वाहिला तर चांदी एखाद्याच जागी वितळते, एकच आर्क तयार होतो, तो हळूहळू पसरत नळी तापवतो आणि शेवटी चिनीमाती तडकते. म्हणून अशा प्रत्येक फ्यूजवर एक किमान प्रवाह लिहिलेला असतो. त्याच्या खालचा दोष तोडायची जबाबदारी हा फ्यूज घेत नाही. माझ्या मते फ्यूज निवडताना सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते याच आकड्याकडे. सगळे वरचा आकडा पाहतात, किती मोठा शॉर्ट तोडेल तो. अपघाताला वाव खालचा आकडा देतो.

या आंधळ्या पट्ट्यावर काढलेला उपाय फार देखणा आहे. नळीच्या आत मुख्य चांदीला समांतर अशी एक केसासारखी तार असते आणि ती एका दाबलेल्या स्प्रिंगला धरून ठेवते. मुख्य पट्टी तुटली की सगळा प्रवाह या तारेवर येतो, ती क्षणात जळते, स्प्रिंग सुटते आणि फ्यूजच्या टोपीतून एक खिळा सटकन बाहेर येतो. हा स्ट्रायकर पिन. तो शेजारच्या स्विचच्या दांडीवर आपटतो आणि स्विच तिन्ही फेज एकदम उघडतो. मोठा दोष फ्यूजने तोडायचा, लहान दोषात फ्यूजने फक्त इशारा द्यायचा आणि तोडायचं काम स्विचने करायचं, अशी ही वाटणी.

तिन्ही फेज एकदम, याचं मोल महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? डीओतला एकच फ्यूज पडला तर उरलेल्या दोन फेजवर मोटर घरघरत राहते, तापते आणि वायंडिंग जळतं. विहिरीवरची मोटर रात्रीत अशी जळाल्यावर ती बाहेर काढायची, रिवायंडिंगला न्यायची, तोवर पीक उन्हात. त्यासाठीच स्टार्टरला प्रिव्हेंटर लावतात. बंद पॅनेलमधला स्ट्रायकर पिन तेच काम मुळाशी करतो: एक फेज गेला की तिन्ही घालवतो.

इथे एक शिस्त सांगायला हवी, कारण ती पाळली न गेल्याने नुकसान होतं. तीनपैकी एक उच्चदाब फ्यूज उडाला तर बदलायचे तिन्ही. उरलेल्या दोघांनीही तोच झटका सोसलेला असतो. त्यांच्या एखाद्या खाचेत चांदी अर्धवट वितळून पुन्हा थिजलेली असू शकते. बाहेरून नळी नवीकोरी, मीटरने तपासली तर तार जोडलेली, पण आतून कमकुवत. असा फ्यूज पुढे कधीतरी साध्या भारावर, चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी तुटतो, आणि तेव्हा प्रवाह त्याच्या किमान आकड्याखाली असेल तर नीट तुटतही नाही. दोन फ्यूजचे पैसे वाचवण्याचा मोह इथे खरोखर आवरावा.

असा फ्यूज सिंगापूरच्या जाळ्यात नेमका कुठे बसतो ते कळायला आधी ते जाळं पाहायला हवं. सिंगापूरमध्ये वीज आली ती ट्रामच्या मागोमाग. १९०५ साली मॅकेंझी रोडवरच्या वीजघरावर ट्राम सुरू झाल्या, आणि नगरपालिकेने त्याच वीजघराकडून वीज विकत घेऊन १९०६ मध्ये रॅफल्स प्लेस, नॉर्थ ब्रिज रोड, बोट की या भागांत दिवे लावले. १९२७ पासून सेंट जेम्सचं कोळशावरचं वीजघर चालू झालं. त्याच्या विटांच्या इमारतीत आता डायसन कंपनीचं मुख्यालय आहे. आजचं जाळं ४०० केव्हीपासून २३०, ६६, २२, ६.६ केव्ही अशा पायऱ्या उतरत घरातल्या २३० व्होल्टपर्यंत येतं. त्यात २२ केव्हीची वाहिनी वलयाकार असते, दोन्ही बाजूंनी जोडलेली. एका ठिकाणी केबल बिघडली तर फक्त तेवढा तुकडा दोन्ही टोकांनी कापायचा, बाकी कुणाचे दिवे जाऊ द्यायचे नाहीत.

हे काम फ्यूजच्या आवाक्यातलं नाही. वलयात दोषाचा प्रवाह दोन्हीकडून येतो आणि वाटेतल्या निरोगी तुकड्यांमधूनही जातो. कुठला तुकडा आजारी आहे हे फ्यूजला कळत नाही, त्याला फक्त स्वतःतून जाणारा प्रवाह कळतो. म्हणून तिथे तुकड्याच्या दोन्ही टोकांचे प्रवाह एकमेकांशी ताडून पाहणारे रिले असतात. आत गेलेला प्रवाह आणि बाहेर आलेला प्रवाह जुळला नाही तर दोष इथेच. चार्ल्स मर्झ आणि बर्नार्ड प्राइस यांनी १९०४ साली मांडलेली ही कल्पना आजही जगभर चालते. शिवाय २२ केव्हीच्या मुख्य केबलमधून काहीशे अँपिअर वाहतात, आणि या दाबाला तेवढा मोठा वाळूचा फ्यूज सोयीचा राहत नाही.

तेव्हा अशा जाळ्यात फ्यूज मधोमध नसतो, कडेला असतो. खालच्या ४०० व्होल्टच्या बाजूला रस्त्याकडेच्या पेट्यांमध्ये. कारखान्यांतल्या ३.३ आणि ६.६ केव्हीच्या मोठ्या मोटरींपुढे, मोटर चालू-बंद करणाऱ्या व्हॅक्यूम कॉन्टॅक्टरच्या जोडीला. आणि २२ केव्हीच्या पॅनेलमध्ये दाब मोजणाऱ्या छोट्या व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावर. हा शेवटचा फ्यूज अगदी वेगळा प्राणी आहे. मोजमापाच्या ट्रान्सफॉर्मरला काही मिलिअँपिअरच पुरतात. तेवढ्याला शोभेल इतकी बारीक चांदीची तार टिकवणंच अशक्य, म्हणून एक-दोन-तीन अँपिअरची बसवतात. ती त्या ट्रान्सफॉर्मरला त्याच्या स्वतःच्या अतिभारापासून वाचवू शकत नाही. तो ट्रान्सफॉर्मर फुटला तर त्याच्यापायी अख्खं पॅनेल जाऊ नये, एवढ्यासाठी ती आहे.

हाच फ्यूज निष्कारण उडाला तर विचित्र पेच होतो. तिथल्या रिलेला वाटतं की वाहिनीतला दाबच नाहीसा झाला. दाबाच्या माहितीवर निर्णय घेणारा रिले मग धडधाकट वाहिनी कापू शकतो. म्हणून आजच्या रिलेमध्ये आधी एक प्रश्न विचारून घेतात: एका फेजचा दाब गेला, पण प्रवाह मात्र पूर्वीइतकाच शांत वाहतोय का? तसं असेल तर वाहिनी नव्हे, फ्यूज गेला आहे, थांबा आणि घंटी वाजवा. फ्यूजवर नजर ठेवायला रिले आणि रिलेला सांभाळायला फ्यूज, अशी ही परस्परांवरची भिस्त आहे.

ब्रेकर आणि रिलेंची साखळी किती लांब असते हे सिंगापूरने १४ ऑक्टोबर २०२०च्या संध्याकाळी अनुभवलं. दोनच दिवसांपूर्वी, १२ ऑक्टोबरच्या सकाळी, मुंबईची वीज जाऊन लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या. त्या आठवड्यात दोन्ही शहरांतले प्रवासी रुळांवर उतरले. सिंगापूरमध्ये सुरुवात झाली ती पश्चिम टोकाला, तुआस लिंक आणि तुआस वेस्ट रोड या स्थानकांच्या दरम्यान. तिथल्या मेट्रोची, म्हणजे एमआरटीची, २२ केव्हीची एक केबल तिथे बिघडली. मार्गाचा हा तुकडा नवा होता, २०१७ मध्ये सुरू झालेला. केबल बिघडणं ही मोठी बातमी नव्हे, संरक्षण त्यासाठीच असतं. रिलेने दोष ओळखायचा, ब्रेकरच्या ट्रिप कॉइलला प्रवाह द्यायचा, कॉइलने खटका ओढायचा, स्प्रिंगने संपर्क उघडायचे. भूपरिवहन प्राधिकरणाच्या तपासात पुढे आलं की ट्रिप कॉइलने काम केलं नाही. जवळचा ब्रेकर उघडलाच नाही. मग सूत्राप्रमाणे मागचा, लांबचा ब्रेकर उघडला, तो थेट बुओना व्हिस्टाच्या मुख्य उपकेंद्रात. त्याने आपलं काम चोख केलं, पण त्याच्या कक्षेत पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण मार्गांचा केवढा तरी भाग येत होता. दोष वेगळा काढण्याआधी दुसऱ्या स्रोताकडून वीज घेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा सर्कल लाइन या आणखी एका मार्गालाही झळ बसली. सुमारे ६,८०० प्रवाशांना अडकलेल्या गाड्यांमधून उतरवावं लागलं, आणि त्यात पाऊस आणि विजांचा अडथळा आला.

या घटनेवरून कुणी म्हणेल की तिथे फ्यूज हवा होता, तर ते बरोबर नाही. वर सांगितलेल्या कारणांनी त्या केबलला फ्यूज लावता आला नसता. मला ती वेगळ्या कारणासाठी मोलाची वाटते. ब्रेकरच्या यशासाठी मोजणारा ट्रान्सफॉर्मर, रिले, बॅटरी, वायरिंग, कॉइल, खटका आणि स्प्रिंग या सगळ्यांनी आपापलं काम करावं लागतं, आणि यातला प्रत्येक जण वर्षानुवर्षं नुसता वाट पाहत बसलेला असतो. फ्यूजच्या यशासाठी चांदीने ९६२ अंशांना वितळावं लागतं. तिला बॅटरी लागत नाही, हुकूम लागत नाही. म्हणून संगणकाच्या युगातही उच्चदाबाच्या जाळ्याच्या कडेला माणसांनी ही नळी ठेवली आहे, आणि ठेवावी.

फ्यूजला न दिसणारे दोषही असतात, हे त्याच एमआरटीने त्याआधी दाखवलं होतं. ७ जुलै २०१५च्या संध्याकाळी पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण हे दोन्ही जुने मार्ग ठप्प झाले. बोगद्यात झिरपणारं पाणी तंजोंग पगार आणि रॅफल्स प्लेस यांच्या दरम्यान गाडीला वीज देणाऱ्या तिसऱ्या रुळाच्या एका इन्सुलेटरवर ठिबकत होतं, आणि त्यातून जमिनीकडे प्रवाह गळत होता. गाडीच्या भाराच्या मानाने ही गळती क्षुल्लक. कुठल्याही फ्यूजने तिची दखल घेतली नसती. संवेदनशील रिलेंनी ती घेतली आणि एकामागून एक भाग बंद होत गेले. चालक कंपनीला पुढे ५४ लाख सिंगापूर डॉलर दंड झाला.

तिसऱ्या रुळातली वीज ७५० व्होल्टची आणि एकाच दिशेने वाहणारी आहे. आकडा २२,००० च्या मानाने किरकोळ वाटतो, पण तोडायला ती जास्त हट्टी. एकदिश प्रवाह सेकंदाला शंभर वेळा तर सोडाच, कधीच स्वतःहून शून्यावर येत नाही. आर्कला विझायची संधी आयती मिळत नाही. डीओसारखा शून्याची वाट पाहणारा फ्यूज इथे निरुपयोगी ठरतो. वाळूचा फ्यूज मात्र चालतो, कारण तो शून्याची वाट पाहत नाही, आर्कच्या रांगेने स्वतःच दाब उभा करून प्रवाहाला शून्यावर नेतो. तिसऱ्या रुळावरून वीज उचलणाऱ्या गाड्यांच्या पोटाखाली असे फ्यूज असतात. विजेवरच्या मोटारींतही असतात, आणि सौर प्रकल्पांतही.

सौर प्रकल्पांचा मामला बारकाईने पाहण्यासारखा आहे. सिंगापूरच्या तेंगेह जलाशयावर जुलै २०२१ पासून ६० मेगावॉटचा तरंगता प्रकल्प आहे, १,२२,००० पॅनेलचा. अशा मोठ्या प्रकल्पांत पॅनेलच्या माळा करतात, आणि माळेचा दाब १,५०० व्होल्टपर्यंत नेता येतो. गंमत अशी की पॅनेलची दोन टोकं एकमेकांना टेकवली तरी त्याचा प्रवाह फारसा वाढत नाही. चालताना १३ अँपिअर देणारं पॅनेल शॉर्ट झाल्यावर १४ देतं. एवढ्याशा फरकाने फ्यूज वितळणार कसा? एकट्या माळेला फ्यूज लावून काहीच साधत नाही. तो उपयोगी पडतो जेव्हा अनेक माळा एकत्र जोडलेल्या असतात आणि एक बिघडते. तेव्हा शेजारच्या सगळ्या निरोगी माळा आपला प्रवाह त्या एकीत उलटा ओततात, आणि तिच्या तोंडावरचा फ्यूज तो ओघ तोडतो.

सिंगापूरची बहुतांश वीज आजही नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या मोठ्या जनित्रांतून येते. फिरणारं जनित्र शॉर्ट सर्किटला आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह देतं, आणि आपले सगळे फ्यूज त्या भरवशावर निवडलेले आहेत. सौर पॅनेल किंवा बॅटरीकडून इन्व्हर्टरमधून येणारी वीज तसं करत नाही. आतल्या नाजूक सेमीकंडक्टरला जपण्यासाठी इन्व्हर्टर नेहमीच्या सव्वा-दीडपटीवर स्वतःला आवरतो. जुरोंग बेटावर २०२३ साली २८५ मेगावॉट-तासांची बॅटरी औपचारिकपणे सुरू झाली. अशा बॅटरीघरांमध्ये एका दारात दोन टोकं भेटतात. इन्व्हर्टरच्या अलीकडे, एकदिश बाजूला, बॅटरी शॉर्ट झाली तर मिलिसेकंदांत हजारो अँपिअर ओकते, आणि तिथे चांदी-वाळूच्या झटपट फ्यूजला पर्याय शोधणं कठीण आहे. इन्व्हर्टरच्या पलीकडे, २२ केव्हीच्या बाजूला, तीच ऊर्जा इतकी जपून येते की ६३ अँपिअरचा फ्यूज तिच्याकडे पाहत नुसता बसून राहील. तिथे अभियंत्याला प्रत्येक फ्यूजचा तो खालचा, दुर्लक्षित आकडा पुन्हा काढून पाहावा लागतो, आणि जिथे तो पुरत नाही तिथे रिले बसवावा लागतो.